आसरांच्या डोहाचा तळ

ती केस आठवली की आधी नाकाला वास येतो, मग माणसं आठवतात. पोलिसाच्या नोकरीत वास लय मिळतात. बरेचसे मी निरोपाच्या हारासोबत ठाण्यातच सोडून आलो. हा एक मात्र घरी आला.

तेव्हा मी सोनपेठच्या अंगाला, गोदावरीकाठच्या एका छोट्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी झाली की जमादार चहा सांगायचे आणि चहा येईपर्यंत गावात काय झालं ते सांगायचे. चहा कायम उशिरा यायचा, कारण गावात कायम काहीतरी झालेलं असायचं. त्या दिवशी चहाच्या आधी फोन आला. ठाणे अंमलदारानं फोन घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, नदीवर एका मेंढक्यानं सरकारी माणसाच्या बरण्या फोडल्या."

"कसल्या? लोणच्याच्या?"

"गाळाच्या."

"गाळ बरणीत कोण भरतं रे?"

"सरकार भरतं, साहेब."

गेलो. ती जागा मला नवी नव्हती. माझं आजोळ तिथनं दोन कोसांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा आम्हा भाच्यांना त्याच डोहात पोहायला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे ढकलून द्यायचा. नदी तिथं वळते आणि वळणाच्या पोटात डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी. त्यांच्यापुढं हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. डोहाच्या जरा वर एक नाला येऊन मिळतो. नाल्याच्या वरच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा एक कारखाना होता. नाल्याच्याही वर नदीचा उतार, जिथनं बैलगाड्या नदी ओलांडतात. हे एवढं ध्यानात ठेवा. वर उतार, मधी नाला, खाली डोह. सगळी केस या तीन जागांची आहे.

काठावर काचा पडल्या होत्या. एका बाजूला गाळाचे नमुने घ्यायला आलेले प्रदूषण खात्याचे साहेब रुमालानं पँट पुसत होते. दुसऱ्या बाजूला मेंढपाळ खाली बसलेला, पन्नाशीचा, मनगट काचेनं कापलेलं. मी विचारलं, "का फोडल्या?"

"ती माती डोहाची न्हाई."

"का फोडल्या ते विचारतोय."

"ती माती डोहाची न्हाई."

चार वेळा विचारलं, चार वेळा तेच. जमादार माझ्या कानात म्हणाले, "मेंढरं मेलीत त्याची. डोक्यावर परिणाम झालाय."

मेंढरं मेली होती हे खरं. हे कुटुंब दरसाल मेंढरं घेऊन फिरत त्या डोहावर यायचं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, आणि धुवायला तो डोह नामी. पण दोन सालांपासून डोहावरनं निघाली की मेंढरं दात खायची, आंधळी व्हायची, एकाच जागी गोल फिरत पडायची. गाभण मेंढ्या गाभडायच्या. मेंढपाळानं तहसीलला अर्ज दिला. डोहातला गाळ तपासायचा हुकूम झाला. गाळ तपासला, अहवाल आला, गाळ साफ. दुसऱ्या खेपेला तपासला, साफ. तिसऱ्या खेपेला त्यानं बरण्या फोडल्या.

नमुनेवाले साहेब समुद्राकडचे. मला म्हणाले, "अहो, मी पंधरा वर्षं खाड्यांमधला गाळ काढलाय. कारखाने आहेत तिथल्या खाड्या. पाण्याचं काही खरं नाही बघा. आज सोडलेलं उद्या समुद्रात. पण शिसं जड असतं, ते तळाला बसतं. गाळ सगळं धरून ठेवतो. म्हणून आम्ही पाण्यापेक्षा गाळाला विचारतो."

माणूस मला आवडला. आपल्याच जातीचा वाटला, चौकशीवाला.

मग मी पंचनाम्याला बसलो. ऊन लय होतं म्हणून बाभळीखाली. जमादार लिहीत होते. "साहेब, बरणीतल्या गाळाचा रंग काय लिहू?"

मी फोनवर होतो. म्हणलं, "गाळाचा रंग काय असतो? काळा लिहा."

जमादारांनी काळा लिहिलं. पंच म्हणून चहाच्या हॉटेलवाल्यानं आणि एका रिकामटेकड्यानं सह्या केल्या. दोन बरण्या शाबूत राहिल्या होत्या, त्या लाखेचं सील करून मुद्देमालात जमा केल्या. सरकारी कामात अडथळा, अजामीनपात्र गुन्हा. मेंढपाळ अटक. कोर्टानं न्यायालयीन कोठडी दिली. जामीन द्यायचा तर सातबारावाला जामीनदार पाहिजे, आणि मेंढरामागं फिरणाऱ्याला सातबारावाला कुठनं मिळणार? गुन्हा सिद्ध झाला असता तर माणूस काही वर्षं आत गेला असता आणि माघारी कळप मोडला असता. मला हे कळत होतं. पण आमच्या कामात कळण्याला रकाना नसतो.

आठ दिवसांनी एका सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याच्या आवारात मेंढरं शिरली. एक-दोन न्हाई, कळपच. माझी जास्वंद खाल्ली, जमादारांच्या मोटरसायकलला अंगं घासली. कळपामागं मेंढपाळाची बायको, हातात काठी.

जमादार ओरडले, "ए बाई! हे पोलीस ठाणं हाय!"

"माहीत हाय की. मालक ठिवून घेतलाव तर मेंढरंबी ठिवून घ्या. पावती द्या."

सगळं ठाणं हसायला लागलं. मी पण हसलो. ती हसली न्हाई.

"साहेब, एकच इचारते. ती माती तुमी बघितली का?"

"पंचनामा केलाय बाई. सही आहे माझी."

"सहीचं न्हाई इचारलं. डोळ्यानं बघितली का?"

मी म्हणलं, "तुमच्या मालकानं सरकारी माणसाच्या अंगावर जायला नको होतं."

"अंगावर न्हाई गेले ते. बरण्यावर गेले. लगीन होऊन तीस साल झाले, त्या माणसानं मेंढराला काठी मारली न्हाई. त्यानं बरण्या फोडल्या म्हंजी काय बघितलं असल, तेवढं तरी बघा."

ती गेली. आवारभर लेंड्या राहिल्या. शिपाई झाडत होता आणि मला वाटलं, बाई भांडायला आली होती खरी, पण माझ्यापेक्षा चांगला प्रश्न विचारून गेली.

मुद्देमालाची खोली उघडायला लावली. बरण्या काचेच्या होत्या, म्हणून सील तोडायची गरजच पडली न्हाई. एक खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली. आत पिवळी वाळू. वाळूत बारके शिंपले आणि एक गोटा. गाळ काळा नव्हता. गाळच नव्हता. आणि माझ्या सहीखाली लिहिलं होतं, 'काळा गाळ'.

त्या बाईला बोलावून घेतलं. तिनं बरणीला हात लावला न्हाई, नुसतं लांबनं बघितलं. "ही उताराची वाळू हाय. नाल्याच्या वरची. आमी तितनंच मेंढरं उतरीवतो. डोहाची माती काळीशार असती साहेब, लोण्यावानी. पायाला लागली की दोन दिस निघत न्हाई."

म्हणजे मेंढपाळ काठावर आला, त्यानं बरणीत बघितलं आणि एका नजरेत त्याला कळलं की दोन सालं आपल्याला खोटं कशावरनं पाडायलेत. मला आठ दिवसांनी कळलं. मी पगारी होतो.

आता प्रश्न असा की डोहाच्या नावानं उताराची वाळू कुणी भरली? नमुनेवाल्या साहेबांना बोलावलं. ते ओशाळले. म्हणाले, "मी काठावर असतो. खाडीत एकदा माझी होडी उलटली होती, तेव्हापासून मी पाण्यावर जात नाही. इथे तर होडी पण नाही, डोहात मासे धरणाऱ्या भोयाचा थर्माकोलचा तराफा. एका माणसापुरता. मी त्याला लोखंडी पंजा देतो, तो वळणामागे जातो, तळाचा गाळ काढून आणतो, मी बरणीत भरतो."

"आणि कागदावर काय लिहिता?"

"समक्ष नमुना घेतला." मग हळूच म्हणाले, "डोहात थोडी वाळू असेल असं वाटलं मला."

त्यांना काय बोलणार? मी बाभळीखाली बसून काळा लिहिलं होतं.

त्याच दुपारी हॉटेलवाला खबर घेऊन आला. हाच तो, पंच म्हणून सही केलेला. टेबलावर वाकून म्हणाला, "साहेब, भोयाकडं नवा मोबाईल हाय. कारखान्याच्या मॅनेजरनं दिला म्हणतेत. पुढचं तुमी समजून घ्या."

मी समजून घेतलं. लय खूश झालो. कारखान्यानं भोई फोडला, भोयानं वाळू दिली, झालं. अशी सरळ केस वर्षातनं एखादी मिळते. भोयाला बोलावून घेतलं.

भोई साठीचा, काटकुळा. खुर्ची दिली तर खाली बसला. दोन तास विचारलं. मोबाईल कुणी दिला? जावयानं. मॅनेजर भेटला का? न्हाई. वाळू कुठली? गप. वाळूवर आलं की गप. जमादार बाह्या सारायला लागले, त्यांना चहा आणायला पाठवलं.

माझी एक जुनी खोड आहे. शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात दाराआडून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली होती. तीन वर्ग घरी गेले. पाठ शेकून निघाली पण खोड गेली न्हाई, आणि पोलिसात तिचा मारापेक्षा जास्त उपयोग झाला. त्यात एक साधी गोष्ट आहे. ओळखीच्या माणसाची नक्कल ऐकली की माणूस हसतोच. चोर असला तरी हसतो, आधी हसतो मग आवरतो. ओळखीचा नसला तर नुसता बघत राहतो.

मी मॅनेजरचा आवाज काढला. तो नाकात बोलायचा, दर वाक्याला 'क्या है ना' लावायचा. "देखो, क्या है ना, अपना काम होना मंगता, क्या है ना." दारात उभा असलेला शिपाई फिसकन हसला. भोई माझ्याकडं बघत राहिला, साहेबाला काय झालं म्हणून. तिथंच मला कळलं की यानं मॅनेजरला कधी ऐकलेलंच न्हाई. जावयाला फोन लावला. मोबाईल त्यानंच दिला होता, दिवाळीला. सरळ केस गेली वाहून.

मग मी नमुनेवाल्या साहेबांचा आवाज काढला. काठावरनं ओरडायचे तसा. "अहो मामा! जरा आणखी आत जा हं! सोडा पंजा, सोडा!"

भोयानं तोंडावर उपरणं धरलं आणि खदखदून हसला. "आगदी तसंच म्हणतेत साहेब!"

"लागला का हो तळ, मामा?" मी त्याच आवाजात.

हसू गेलं. दिवा विझावा तसं. उपरणं तोंडावरच राहिलं.

मी माझ्या आवाजात विचारलं, "मामा, तुमी डोहाच्या तळाला कधी पंजा लावला का?"

त्यानं उपरणं खाली घेतलं. मग म्हणाला, "त्यो आसरांचा डोह हाय साहेब. वरचं पाणी आपलं, मासे आपले. तळ त्यांचा. माज्या बापानं तितं कधी तळापर्यंत जाळं सोडलं न्हाई, आज्यानं न्हाई. तळ ढवळला की घरातलं माणूस जातं. आन् हे साहेब लांबचे, त्यांला काय सांगू? त्यांला मातीच पायजे होती ना? उताराची दिली. मातीच हाय की ती."

"आणि त्या मातीपायी एक माणूस आत आहे, ते?"

"तवा काय माहीत होतं? नंतर कळलं. मग सांगायची हिंमत झाली न्हाई."

चहा आला. त्यानं घेतला न्हाई.

मी वीस-बावीस वर्षं माणसं बोलती केली होती. लोक पैशासाठी खोटं बोलतात, बायकोसाठी बोलतात, भीतीपोटी बोलतात. पण कुणाच्या तरी घराला हात लावायचा न्हाई म्हणून दोन सालं खोटं वागलेला हा पहिलाच. त्याच्यावर रागावता पण येईना. आणि त्याच्या त्या मानापायी शिसं मजेत तळाला बसून होतं.

नमुना परत घ्यायचा ठरलं, या वेळी खरोखर समक्ष. माझ्यासमोर, पंचांसमोर. तराफ्यावर दोघं मावत न्हाईत म्हणून गुऱ्हाळाची मोठी कढई आणली. आमच्याकडं पूर आला की लोक तीत बसून नदी ओलांडतात. सकाळी अर्धं गाव काठावर. भोई मात्र आसरांच्या दगडांपाशी बसलेला, उठेना. "तुमी दुसरा बघा साहेब. मी नेणार न्हाई."

मी समजावलं, जमादारांनी दम दिला. काही उपयोग न्हाई. मग मेंढपाळाची बायको पुढं झाली. तिनं दगडांना हळद-कुंकू लावलं, बांगड्या ठेवल्या, ओटी भरली. त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "मामा, तुमी त्यांचं घर जपायलाव. चांगलं हाय. पण त्यांच्या घरात काय वतायलेत, ते कुणी बघायचं? आपुन रोज पाया पडायचं आन् कवाडाच्या आत काय चाललंय त्ये इचारायचंच न्हाई व्हय? आयाबाया हायेत त्या. एकदा जाऊन बघा तरी."

भोई उठला. दगडांना हात जोडले. कढईत बसला आणि मला म्हणाला, "पंजा मी धरणार न्हाई. तुमी सोडा. काय व्हायचं ते तुमाला हुईल."

"मंजूर," मी म्हणलं.

कढईला पुढं-मागं असं काही नसतं, ती गोल फिरते. माझ्या अंगावर वर्दी, हातात लोखंडी पंजा, आणि मी गरागरा फिरत डोहाच्या मधी चाललेलो. काठावरनं कुणीतरी ओरडलं, "साहेब, काकवी निघाली का?" सगळे हसले. मामानं मला ढकललं होतं ती जागा आली तसा मी पण हसायचा थांबलो. पाणी नितळ होतं. इतकं नितळ की वाटलं, काही निघू नये.

पंजा सोडला. दोर सरकत गेला, ढिला पडला. ओढून वर घेतला. त्यात काळाशार गाळ, लोण्यावानी, बाईनं सांगितला होता तसाच. वर तेलाचा तवंग. आणि वास, बॅटरी फुटल्यावर येतो तसा आंबट, जिभेवर बसणारा. भोयानं उपरणं नाकाला लावलं. मला वाटलं वासानं. जवळनं बघितलं तर रडत होता.

"आयांनो," एवढंच म्हणाला.

काठावर बरण्या भरल्या. नमुनेवाल्या साहेबांनी एक बरणी हातात घेऊन बघितली, वास घेतला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझा पुरवणी जबाब घ्या." जबाबात त्यांनी लिहून दिलं की आधीचे नमुने समक्ष घेतलेले नाहीत. नोकरीवर गदा येणार हे त्यांना माहीत होतं. मी पण स्टेशन डायरीला लिहिलं की पंचनाम्यातला रंग न बघता लिहिला गेला आहे. जमादार म्हणाले, "साहेब, कशाला? कुणी बघायलंय का?" खरं होतं, कुणी बघत नव्हतं. म्हणून तर इथपर्यंत आलं होतं. माझ्यावर कसुरी अहवाल गेला, साहेबांची चौकशी लागली.

अहवाल आला. गाळात शिसं होतं, आणि ते थोडं नव्हतं. कारखान्याला टाळं लागलं. मेंढपाळाच्या जामिनाला सरकारी वकिलांनी हरकत घेतली न्हाई, जामीनदार म्हणून भोयाचा जावई उभा राहिला. पुढं केस चालली तेव्हा नमुनेवाले साहेब साक्षीला आले आणि कोर्टाला म्हणाले, "यानं माझ्या कामात अडथळा आणला नाही. मी काम करतच नव्हतो." मेंढपाळ सुटला.

डोहावर पाटी लागली, पाण्यात उतरू नये, जनावरे पाजू नयेत. पाटीच्या मागं ते सात दगड.

त्या सालापासनं मेंढरं त्या वाटेला आली न्हाईत. मी रिटायर झालो, परभणीत राहायला गेलो. एका चैत्रात पेडगावच्या शिवारात एका वावरात मेंढरं बसवलेली दिसली, गाडी थांबवली. तोच होता. त्यानं मला ओळखलं, घोंगडी अंथरली. बायकोनं चहा केला. मला वाटलं, माणूस उपकार मानेल. आपल्याला ती सवय लागलेली असते.

तो म्हणाला, "साहेब, एक सांगू का? त्या दिशी तुमी कढईत बसलाव, मी आतच होतो. मला तितं कळलं की आज गाळ काढायलेत. दिसभर म्हणायलो, देवा, मला खोटं पाड."

"खोटा पडला असता तर आत राहिला असता की."

"ऱ्हायलो असतो. सुटलो असतो कदी ना कदी. डोह तर ऱ्हायला असता ना." मेंढरांकडं बघत म्हणाला, "आता हौदावर धुतो. टँकरचं पाणी. मेंढरं उभी ऱ्हातेत नुसती, मान खाली घालून. डोहात उडी मारायची, साहेब. पुढची मारली की सगळी मारायची."

मला माझा मामा आठवला, भाच्यांची रांग आठवली. 

लोक विचारतात, त्या केसनं काय शिकवलं. भाषणात सांगायला सोपं आहे, पंचनामा डोळ्यानं करा, सही करायच्या आधी बरणी उजेडात धरा. नव्या पोरांना मी तेच सांगतो. पण त्या वावरात बसून जे कळलं ते भाषणात बसत न्हाई. आपण खरं शोधून काढतो, फाईल बंद करतो, बक्षीस घेतो. ज्याच्यासाठी शोधलं त्याला ते खरं नकोच असतं. त्याला त्याचा डोह पाहिजे असतो. तो कुठल्याच कलमाखाली परत मिळत न्हाई.

उठताना त्यानं विचारलं, "कवा बरा हुईल, साहेब?"

हाच प्रश्न मी नमुनेवाल्या साहेबांना विचारला होता. ते म्हणाले होते, "खाडीत मी असा गाळ बघितलाय, ज्याचे कारखाने पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी तो तसाच. काढला तर ढवळतो. ठेवला तर वर नवा गाळ साठेपर्यंत थांबायचं." मेंढपाळाला हे सांगितलं न्हाई. म्हणलं, "बघतो."

आणि बघतो. डोहाचा गाळ अजून दर तीन महिन्यांनी तपासतात. नवे साहेब आलेत, तरुण आहेत, पाण्याला भीत न्हाईत. मी त्यांना सांगून ठेवलंय, पंच म्हणून मला बोलवत जा. यष्टीनं जातो. भोई थकलाय, पण कढई तोच हाकतो. गाळ वर येतो, मी उजेडात धरून बघतो, वास घेतो, मग सही करतो. महिन्याभरानं अहवाल आला की फोन लावतो. पलीकडनं आधी मेंढरांचा आवाज येतो, मग त्याचा.

"बोला साहेब. कसा हाय?"

"अजून न्हाई."

"बरं," तो म्हणतो. जरा वेळ फोन कानालाच असतो त्याच्या, माझ्या पण. "मग पुढच्या खेपंला."